वेचलेले तुकडे : कॉर्निश वारशाच्या जतनाची चिकित्सा

(१)

एखाद्या लोकसमूहाने आपल्या पूर्वेतिहासाचे जतन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. हस्तलिखित ग्रंथालयात सुरक्षित ठेवले, जुन्या वास्तूची डागडुजी केली, विस्मरणात गेलेला सण पुन्हा साजरा केला, की जतन झाले असे आपण सामान्यतः समजतो. परंतु हस्तलिखित सुस्थितीत राहूनही त्यातील भाषा बोलणारा कोणी उरलेला नसेल. वास्तू उभी असूनही तिच्याभोवतीची वस्ती उठून गेलेली असेल. सण पुन्हा सुरू होऊनही त्याचे मूळचे प्रयोजन कोणास ठाऊक नसेल. अशा स्थितीत जतन कशाचे झाले आणि उत्सव कशाचा चालला आहे, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. हा प्रश्न केवळ तात्त्विक पातळीवर चर्चिण्याऐवजी एका मर्यादित परंतु साधनसंपन्न उदाहरणावर घासून पाहावा, या हेतूने प्रस्तुत लेखात ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल या प्रदेशाचा विचार योजिला आहे.

कॉर्नवॉलच्या दक्षिणेस व पश्चिमोत्तरेस समुद्र असून पूर्वेस टेमर नदीने तो उर्वरित इंग्लंडपासून वेगळा केला आहे. त्याची कॉर्निश भाषा केल्टिक कुळातील असून वेल्श व ब्रेटन या तिच्या सख्ख्या बहिणी होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही भाषा लोकव्यवहारातून लुप्त झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या व पुढे कथिलाच्या खाणी ढासळल्या. आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी भाषा व परंपरा यांच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू झाले. येथे परंपरा तुटली केव्हा आणि ती पुन्हा जोडावयास हात कोणी घातला, याची नावे व वर्षे आपणांस ठाऊक आहेत. परंपरा घडत असताना ती पाहावयास मिळणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने दुर्मिळ संधी होय.

(२)

प्रारंभ वाङ्मयापासून करणे उचित ठरेल. मध्ययुगीन कॉर्निश वाङ्मयातील सर्वांत मोठी कृती म्हणजे ‘ऑर्डिनालिया’ ही धार्मिक नाट्यत्रयी. सृष्ट्युत्पत्ती, ख्रिस्ताचा देहदंड आणि त्याचे पुनरुत्थान असे तिचे तीन भाग असून एकूण सुमारे पावणेनऊ हजार ओळींचा हा विस्तार आहे. तिची रचना चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली असावी आणि पेनरिन येथे १२६५ मध्ये स्थापन झालेल्या ग्लास्नी या धर्मपीठाशी तिचा संबंध असावा, असे अभ्यासक मानतात. हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. एड्विन नॉरिस याने ते इंग्रजी अनुवादासह १८५९ मध्ये प्रसिद्ध केले.

या नाटकांची कथावस्तू बायबलातील असली तरी तिची भूमी कॉर्नवॉलची आहे. मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांवर प्रसन्न होऊन राजा सॉलोमन त्यांना जी जमीन इनाम देतो, ती पेनरिनच्या शेजारच्या बडक या परिसरातील असते. जेरुसलेमच्या राजाने आपल्याच शिवारातील जमीन वाटावी, हे ऐकून प्रेक्षकांत उठलेला हशा आजही त्या पानांवरून कानी येतो. दुसऱ्या भागातील एक प्रसंग याहून मार्मिक आहे. क्रुसासाठी खिळे घडविण्यास लोहाराला सांगितले जाते तेव्हा तो हात दुखावल्याचे कारण सांगून काम नाकारतो. मग त्याची बायकोच पुढे होते, भाता नीट चालवीत नाही म्हणून शिपायाला फैलावर घेते आणि खिळे घडवून देते. ख्रिस्ती पुराणातील परमोच्च दुःखाच्या क्षणी नाटककार प्रेक्षकांना एका भांडखोर लोहारशाळेत नेतो. यात औचित्यभंग झाला असे म्हणावयाचे कारण नाही. पाप हे दूरच्या देशातील दुष्टांचे कृत्य नसून आपल्याच गावातील कसबी हातांनी सहज घडणारे काम आहे, हा बोध याहून प्रभावी रीतीने क्वचितच झाला असेल.

या नाट्याचा प्रयोगही तितकाच स्थानिक होता. ‘प्लेन-अन्-ग्वारी’, म्हणजे खेळाची जागा, या नावाने ओळखली जाणारी मातीच्या बांधाची वर्तुळाकार रिंगणे कॉर्नवॉलमध्ये ठिकठिकाणी होती. पेरन राउंड व सेंट जस्ट येथील रिंगणे अद्याप शिल्लक आहेत. हस्तलिखितातच प्रत्येक भागाबरोबर वर्तुळाकार आकृती देऊन स्वर्ग, नरक व राजेरजवाडे यांची स्थाने दाखविली आहेत. रिचर्ड कॅऱ्यू याने १६०२ मध्ये लिहिलेल्या कॉर्नवॉलच्या वर्णनात या प्रयोगांची हकीकत येते. मैलोगणती अंतरावरून लोक ते पाहावयास येत. नटांचे पाठांतर नसे, म्हणून हाती पोथी घेतलेला एक सूत्रधार त्यांच्या पाठीमागे फिरून हळूच संवाद सांगे. कॅऱ्यूचा सूर उपहासाचा आहे. पण त्याच्या उपहासातूनच एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते : हे नट धंदेवाईक नव्हते, गावकरी होते. पहिल्या दिवसाचा खेळ ‘उद्या लवकर या’ अशा आवतणाने संपतो आणि अखेरचा खेळ वादकांना वाद्ये वाजविण्याची आज्ञा देऊन, नाचाच्या आनंदात. अर्थात् संहिता, स्थळ आणि समुदाय या तिहींच्या मेळातूनच ही कृती सिद्ध होत होती. पुढील विवेचनाचा सर्व भार या त्रयीवर आहे, म्हणून ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

(३)

हा मेळ तुटला कसा? १५४८ मध्ये ग्लास्नीचे धर्मपीठ बरखास्त झाले आणि कॉर्निश विद्येचे मुख्य आश्रयस्थान नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या सक्तीविरुद्ध कॉर्नवॉल व डेव्हन येथील लोकांनी बंड केले. आमच्यापैकी काहींना इंग्रजी समजतच नाही, ही कॉर्निश बंडखोरांची एक तक्रार होती. बंड अत्यंत क्रूरपणे मोडण्यात आले. कॉर्निश भाषेत प्रार्थनापुस्तक निघाले नाही आणि पोथीचा जो आधार वेल्श भाषेला बायबलच्या भाषांतराने मिळाला, तो हिला लाभला नाही. त्यानंतर ती पश्चिमेकडे हटत हटत शेवटी माउझल, न्यूलिन अशा कोळीवस्त्यांपुरती उरली. १७०० च्या सुमारास एडवर्ड ल्हुइड हा वेल्श पंडित तेथे गेला, त्याने ऐकलेली भाषा टिपून घेतली आणि १७०७ मध्ये आपल्या ग्रंथात तिचे व्याकरण प्रसिद्ध केले.

या अस्ताच्या कहाणीत जगाला ठाऊक आहे ते नाव डॉली पेंट्रीथ हिचे. माउझलची ही मासळीवाली १७७७ च्या डिसेंबरात वारली. ‘कॉर्निश बोलणारी शेवटची व्यक्ती’ म्हणून १८६० मध्ये पॉल येथील चर्चच्या आवारभिंतीत तिचे स्मारक उभारण्यात आले. ते उभारण्यात नेपोलियनच्या घराण्यातील लुई ल्यूसिएँ बोनापार्त या भाषाप्रेमी राजपुत्राचा पुढाकार होता. वस्तुतः तिच्या हयातीतच, १७७६ मध्ये, विल्यम बॉडिनार नावाच्या माउझलच्या कोळ्याने डेन्स बॅरिंग्टन या जिज्ञासू गृहस्थास कॉर्निश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पत्र लिहिले होते. लहानपणी म्हाताऱ्या कोळ्यांबरोबर होडीतून समुद्रावर जाताना आपण ही भाषा शिकलो आणि तेथे दिवसचे दिवस इंग्रजी शब्द कानावर पडत नसे, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. बॉडिनार १७८९ मध्ये वारला. म्हणजे डॉली ‘शेवटची’ नव्हतीच.

येथे प्रश्न केवळ तपशिलाच्या चुकीचा नाही. ‘शेवटची व्यक्ती’ ही कल्पनाच मुळात संग्राहकाची आहे. भाषा ही जणू एखादी वस्तू असून ती एकाच्या हातून निसटली की संपली, असे ती गृहीत धरते. बॉडिनारचे पत्र वेगळे सत्य सांगते. भाषा होडीत होती. जाळे ओढण्याच्या, वारा पाहण्याच्या, थोरांनी पोरांना शिकविण्याच्या व्यवहारात होती. तो व्यवहार इंग्रजीत होऊ लागला तेव्हाच तिचे मरण ठरले. स्मारक मात्र व्यवहाराचे उभारता येत नाही, व्यक्तीचे उभारता येते. म्हणून डॉलीला दगड मिळाला आणि बॉडिनारच्या होडीला विस्मरण. कॉर्निश वारशाच्या जतनातील पहिला दोष तो हाच.

(४)

पुनरुज्जीवनाच्या चळवळीचा जनक हेन्री जेनर (१८४८–१९३४) हा ब्रिटिश म्यूझियममध्ये काम करीत असे. १८७७ मध्ये तेथील १३४० सालच्या एका सनदेच्या पाठीमागे त्याला कॉर्निश पद्याच्या सुमारे चाळीस ओळी आढळल्या. कोण्या कायदेशीर कागदाच्या मागील कोऱ्या जागेत एका भाषेचे वाङ्मय शतकानुशतके पडून राहावे, यात त्या भाषेची सारी दशा सामावली आहे. १९०४ मध्ये जेनरने कॉर्निश भाषेची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ही भाषा शिकून व्यावहारिक लाभ काही नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. आपण कॉर्निश आहोत, एवढेच कारण त्याने पुढे केले. या प्रामाणिकपणामुळे त्याचे पुस्तक केवळ प्रचाराचे ठरत नाही.

जेनरचा सहकारी रॉबर्ट मॉर्टन नॅन्स (१८७३–१९५९) याने चळवळीला संघटनेचे रूप दिले. १९२० मध्ये सेंट आइव्ह्ज येथे पहिले ‘ओल्ड कॉर्नवॉल’ मंडळ निघाले आणि त्यासारखी मंडळे गावोगाव स्थापन झाली. उरलेले तुकडे वेचा, काही वाया जाऊ देऊ नका, या अर्थाचे बायबलातील वचन या मंडळांनी ब्रीद म्हणून घेतले. म्हणी, खेळ, गाणी, शेतीची अवजारे, स्थळनामे असे जे हाती लागेल ते टिपून ठेवण्याचे काम सामान्य माणसांनी केले, हे या मंडळांचे खरे श्रेय होय. वेचणारा विद्वानच असला पाहिजे, ही अट त्यांनी काढून टाकली.

परंतु नॅन्सने १९२९ मध्ये जी ‘एकीकृत’ कॉर्निश सिद्ध केली, तिचा पाया कोठे घातला? मध्ययुगीन नाटकांत. ल्हुइडने कोळ्यांच्या तोंडून ऐकलेली उत्तरकालीन भाषा त्याला विकृत वाटली. नाटकांची भाषा शुद्ध वाटली. परिणामी संत, सैतान व राजे यांच्या मुखीची भाषा विसाव्या शतकातील माणसाने दैनंदिन व्यवहारासाठी उचलावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. यातील विसंगती अशी की, कोळ्यांच्या इंग्रजी बोलीत टिकून राहिलेले समुद्रविषयक शब्द नॅन्सनेच आयुष्यभर गोळा केले होते. तो कोश त्याच्या मृत्यूनंतर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे होडीतील भाषा त्याला संग्रहणीय वाटली, अनुकरणीय वाटली नाही. पुढे १९८० च्या दशकात हाच वाद उफाळून आला. केन जॉर्ज याने मध्ययुगीन उच्चारांच्या आधारे नवी लेखनपद्धती सुचविली, रिचर्ड गेंडॉल याने उत्तरकालीन भाषेचा पक्ष घेतला, १९९० च्या दशकात निकोलस विल्यम्स याने नॅन्सच्या पद्धतीची सुधारित आवृत्ती मांडली. मूठभर भाषकांच्या चार लेखनपद्धती झाल्या. अखेर २००८ मध्ये एक समान लेखनपद्धती संमत झाली आणि तिने दोन्ही कालखंडांच्या रूपांना जागा ठेवली.

बाहेरच्या माणसाला हा वाद हास्यास्पद वाटेल; मला तो तसा वाटत नाही. लेखनपद्धतीच्या आडून विचारला जात होता तो प्रश्न असा : परंपरेचा कोणता क्षण खरा? वैभवाचा की अखेरचा? वैभवाचा क्षण निवडणारा मृत्यूपूर्वीची दोन शतके अपभ्रष्ट म्हणून वगळतो आणि अखेरचा क्षण निवडणारा वाङ्मयाचा गाभा सोडतो. २००८ च्या तडजोडीचे महत्त्व भाषाशास्त्रीय असण्यापेक्षा नैतिक अधिक आहे. नाटककार आणि कोळी हे दोघेही पूर्वज आहेत, असे तिने कबूल केले.

(५)

आता एका कठोर आक्षेपाकडे वळावयाचे. कॉर्निश म्हणून जे आज मिरविले जाते त्यातील बरेचसे जुने नाहीच, असा हा आक्षेप आहे. परंपरा ‘निर्माण’ केल्या जातात, हा विचार १९८३ मध्ये हॉब्सबॉम व रेंजर यांनी संपादिलेल्या ग्रंथामुळे विद्यापीठांत रूढ झाला, आणि त्याच्या कसोटीला कॉर्नवॉल सहज सापडते. कॉर्निश गोर्सेथ, म्हणजे कवी व विद्वान यांची समारंभपूर्वक भरणारी सभा, बॉस्कॉवेन-ऊन येथील पाषाणवर्तुळात १९२८ मध्ये स्थापन झाली, ती वेल्श गोर्सेथच्या धर्तीवर. आणि वेल्श गोर्सेथ म्हणजे इओलो मॉर्गानुग या प्रतिभावान बनावटकाराने १७९२ मध्ये लंडनच्या एका टेकडीवर सुरू केलेला विधी. कॉर्निश चौकटीचे कापड १९६३ मधले आहे. काळ्या पटावर पांढरा क्रूस असलेल्या सेंट पिरानच्या ध्वजाचा कॉर्नवॉलचा ध्वज म्हणून स्पष्ट उल्लेख १८३८ च्या सुमारास येतो.

यांत सर्वांत उद्बोधक उदाहरण गीताचे आहे. कॉर्नवॉलचे राष्ट्रगीत म्हणून जे ट्रेलॉनीचे गीत गाइले जाते, ते मॉरवेन्स्टोचा पुढील काळातील धर्मगुरू रॉबर्ट स्टीव्हन हॉकर याने तरुणपणी, १८२४ मध्ये, रचिले व ते १८२६ मध्ये निनावी छापून आले. सर वॉल्टर स्कॉट, मेकॉले व डिकन्स या तिघांनाही ते अस्सल प्राचीन लोकगीत वाटले. ध्रुवपद तेवढे परंपरागत, बाकी रचना आपली, असे हॉकरने पुढे सांगितले. गीतातील ट्रेलॉनी हा १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सने कैदेत टाकलेल्या सात बिशपांपैकी एक. त्याची न्यायालयात निर्दोष सुटका झाली आणि लंडनवर चाल करून जाणारी कॉर्निश सेना इतिहासात काही निघाली नाही. १४९७ मध्ये मात्र कराच्या बोजाविरुद्ध मायकेल जोसेफ हा लोहार आणि टॉमस फ्लॅमंक हा वकील यांच्या नेतृत्वाखाली हजारो कॉर्निश लोक खरोखरच लंडनपर्यंत चालत गेले, ब्लॅकहीथवर पराभूत झाले आणि त्यांचे पुढारी फाशी गेले. खऱ्या मोर्चाचे गीत झाले नाही आणि न झालेल्या मोर्चाचे राष्ट्रगीत झाले.

मग हे सारे खोटे म्हणून टाकून द्यावयाचे काय? माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. एखादी परंपरा नवी असणे हा दोष नाही; तिने आपले वय चोरणे हा दोष आहे. सर्वच परंपरा कधी तरी कोणी तरी सुरू केलेल्या असतात. हॉकरचे गीत दोनशे वर्षे गाइले गेल्याने ते आता खरोखरच लोकांचे झाले आहे, आणि ते लोकांचे कसे झाले हा इतिहास लोकगीताच्या अभ्यासकास कोणत्याही प्राचीन गीताइतकाच मोलाचा आहे. उलट १९९७ मध्ये, पाचशे वर्षे झाल्यानिमित्त, १४९७ च्या मार्गाने कॉर्नवॉलपासून लंडनपर्यंत लोक पुन्हा चालत गेले. हा उपक्रम उघडउघड नवा होता, तरी त्याने एका वास्तव घटनेला पावलांनी स्पर्श केला. नवेपणा आणि खरेपणा यांत विरोध नाही, हे यावरून दिसून येईल.

(६)

वाङ्मय व विधी यांवरून आपण उपजीविकेकडे आलो पाहिजे, कारण समुदाय केवळ स्मृतीवर जगत नाही. रिचर्ड ट्रेव्हिथिक याने १८०१ मध्ये कॅम्बर्न येथे वाफेची गाडी रस्त्यावर चालविली; त्याच्या स्मरणार्थ १९८४ पासून तेथे दरवर्षी उत्सव होतो. पण ज्या खाणींसाठी ही यंत्रविद्या वाढली, त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडू लागल्या आणि खाणकामगार देशोधडीला लागले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मून्टा, मेक्सिकोतील पाचूका व रेआल देल मोन्ते, कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली येथे त्यांच्या वसाहती झाल्या. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला : १८८० पासून म्हैसूर संस्थानातील कोलार येथील सोन्याच्या खाणी जॉन टेलर आणि मंडळींच्या व्यवस्थापनाखाली आल्या आणि तेथे कॉर्निश खाणकामगार आले. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. कॉर्नवॉलमधील साउथ क्रॉफ्टी १९९८ मध्येच बंद झाली होती.

२००६ मध्ये युनेस्कोने कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशातील दहा विभागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. धुराडे उभे असलेली, छप्पर गेलेली यंत्रगृहे आता जगाच्या मालकीची झाली. हा गौरव रास्तच आहे. तथापि अवशेषांच्या सौंदर्यात एक धोका दडलेला असतो : ज्या श्रमाचे ते अवशेष, तो श्रम दृष्टीआड होतो. १९९० मध्ये बंद पडलेल्या गीव्हर खाणीचे संग्रहालय झाले आणि पूर्वी खाणीत राबलेली माणसेच तेथे येणाऱ्यांना माहिती सांगू लागली. अशी व्यवस्था त्या धोक्यावर काही अंशी उतारा ठरते. पण ही पिढी सरल्यावर काय? आणि ज्यांचा हा वारसा त्यांना तेथे राहताच आले नाही तर? सुट्टीपुरते वापरण्यासाठी बाहेरच्यांनी घेतलेल्या घरांमुळे किनाऱ्यावरील गावांत स्थानिकांना निवारा मिळणे कठीण झाले आहे. अशी नवी घरे बांधण्यास आळा घालणाऱ्या योजनेला सेंट आइव्ह्जच्या मतदारांनी २०१६ मध्ये मोठ्या बहुमताने संमती दिली. जेथे पहिले ओल्ड कॉर्नवॉल मंडळ निघाले, तेच हे गाव. वारसाजतनाच्या इतिहासात या मतदानाची नोंद १९२० च्या नोंदीशेजारी झाली पाहिजे, असे मी म्हणेन.

(७)

आता आरंभीच्या त्रयीकडे परतू. संहिता, स्थळ आणि समुदाय यांपैकी एकेकाचे जतन कॉर्नवॉलमध्ये निरनिराळ्या हातांनी झाले. संहिता जपली ती ऑक्सफर्डच्या ग्रंथपालांनी आणि वेल्श संग्राहकांनी. ‘ब्यूनान्स के’ हे संतचरित्रात्मक नाटक तर २००० मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातच सापडले. स्थळ जपले ते गावाच्या सवयीने. समुदायाचे तुकडे वेचले ते ओल्ड कॉर्नवॉल मंडळांनी. १९६९ मध्ये ‘ऑर्डिनालिया’चा प्रयोग पेरन राउंडमध्ये झाला आणि २००० नंतरच्या वर्षांत व पुन्हा २०२१ मध्ये सेंट जस्टच्या रिंगणात स्थानिक लोकांनी तो आपल्या अंगावर घेतला. संहिता आपल्या स्थळी परतली, गावकरी पुन्हा नट झाले. परंतु प्रयोगाची मुख्य भाषा इंग्रजी होती. इकडे कॉर्निश भाषेला २००२ मध्ये युरोपीय सनदेखाली मान्यता मिळाली, २०१४ मध्ये कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून दर्जा मिळाला. पण २०११ च्या जनगणनेत ही आपली मुख्य भाषा म्हणून सांगणारे इंग्लंड व वेल्स मिळून ५५७ च निघाले. नाटकाला लोक लाभले, भाषा लाभली नाही. भाषेला मान्यता लाभली, लोक थोडे लाभले.

हे अपयश होय काय? तसे मी मानीत नाही. तुटलेले भांडे सांधता येते, परंतु सांधा दिसतोच, आणि तो दिसू देणे हेच सचोटीचे लक्षण. मात्र एवढे म्हणावे लागेल की, जतनाच्या यशाचे मोजमाप वस्तूच्या वयावरून किंवा प्रेक्षकांच्या संख्येवरून न करता तीन प्रश्नांवरून करावे : आपला उगम ते प्रामाणिकपणे सांगते काय? लोकांना ते पाहुणे करते की कर्ते? आणि ज्यांचा वारसा त्यांनाच त्या भूमीवर राहणे ते शक्य करते काय? पहिल्या प्रश्नाला कॉर्नवॉलने बव्हंशी समाधानकारक उत्तर दिले आहे. दुसऱ्याला सेंट जस्टच्या रिंगणाने दिले. तिसऱ्याचे उत्तर संग्रहालयांच्या, कवींच्या किंवा विद्यापीठांच्या हाती नाही. परंतु ते मिळाले नाही तर पहिल्या दोन उत्तरांना अर्थ उरणार नाही. बॉडिनारची भाषा पुस्तकाअभावी मेली नव्हती. ती बोलणारी होडी रिकामी झाली, म्हणून मेली. वारशाच्या अभ्यासकाने पोथीवरची नजर अधूनमधून उचलून त्या होडीकडे पाहावयास हवे.